भिंतीपलीकडचा फिल्डर

आमच्या अंगणातल्या क्रिकेटमधला सगळ्यात महत्त्वाचा फिल्डर अंगणात नसतो. तो भिंतीपलीकडे, शेजारच्या सोसायटीच्या आवारात उभा असतो. तिथून त्याला ना बोलर दिसतो, ना बॅट्समन, ना चेंडू. दिसते ती फक्त भिंत. हे वाचून कोणी हसलं तर हसू दे. आम्ही मुलुंडला दर रविवारी सकाळी गेली कित्येक वर्षं असंच खेळतोय आणि आमचं छान चाललंय.

त्याचं काय आहे, आमच्या दोन विंगांच्या मधलं अंगण चिंचोळं. अंडरआर्म बोलिंग, टेनिसचा चेंडू, तरी कोणी जरा मनावर घेऊन मारला की चेंडू दीड पुरुष उंचीच्या भिंतीवरून पलीकडे. पूर्वी त्याला सरळ आऊट देत. मग बी विंगवाल्यांनी भांडून नियम बदलून घेतला. पलीकडे एक फिल्डर ठेवायचा, त्याने वरच्यावर पकडला तर आऊट, टप्पा पडला तर चार धावा. ज्यांची फिल्डिंग त्यांचा माणूस भिंतीपलीकडे. त्याला चेंडू दिसतो तो भिंतीच्या माथ्यावर आल्यावर, म्हणजे हातात पडायच्या जेमतेम श्वासभर आधी. म्हणून गॅलऱ्यांतली मंडळी त्याला ओरडून सांगतात, "डावीकडे! मागे, मागे! अरे मागे म्हटलं ना!" निम्मे लोक स्वतःची डावी बाजू सांगतात आणि निम्मे त्याची.

भिंतीच्या दोन्ही बाजू थेट जमिनीपर्यंत दिसतात अशी जागा एकच, आमच्या स्वयंपाकघराची गॅलरी. ए विंग, दुसरा मजला. त्यामुळे पलीकडचा कॅच खरा की खोटा, हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला कोणी नेमलं नाही. कांदा चिरता चिरता मी एकदा खाली ओरडले, "टप्पा पडला होता, उगाच नाचू नका," आणि तेव्हापासून सगळे माना वर करून माझ्याकडे बघतात. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करते. लोक जे झालं म्हणून सांगतात ते खरंच झालं का, हे तपासायचं. रविवारी वेगळं काही करावं असं माझ्या नशिबातच नाही. मी एक वही घातली. पलीकडे कोण होतं, किती चेंडू आले, किती पकडले, किती सुटले. गॅस बंद करायला विसरेन, पण वहीतली नोंद चुकायची नाही.

ए विंगचा भिंतीपलीकडचा फिल्डर म्हणजे माझा नवरा.

लग्न झालं तेव्हापासून म्हणजे बावीस वर्षं तो तिथे उभा राहतोय. बाकी क्रिकेटच्या नावाने आनंद आहे. बॅटिंगला शेवटी येतो आणि पहिल्या चेंडूवर परत जातो. बोलिंग त्याला कोणी देत नाही. पण भिंतीपलीकडे उभा राहिला की तो वेगळाच माणूस होतो. त्याचे वडील गिरणीत होते, कान यंत्रांच्या खडखडाटात तयार झालेला, असं तो म्हणतो, आणि तो कान मुलाकडे आला. बॅटचा आवाज ऐकूनच त्याला कळतं चेंडू कुठे पडणार ते. गॅलरीतून पहिली आरोळी उठायच्या आधी तो निघालेला असतो. कॅच पकडला की तो आवारात नाचत नाही, हात वर करत नाही. फक्त हनुवटी वर करून माझ्याकडे बघतो. पाहिलंस ना? मी बोट वर करते. एवढंच. बावीस वर्षं दर रविवारी मी वरून त्याचं टक्कल वाढताना पाहिलं आणि मधूनच ती वर आलेली हनुवटी.

एकदा असा चेंडू पलीकडे गेला आणि नेमकं त्याच क्षणी माझं दूध उतू गेलं. मी आत धावले. परत आले तर चेंडू त्याच्या हातात. मी बोट वर केलं, वहीत कॅच लिहिला, ए विंगने जल्लोष केला. हा पठ्ठ्या खालून मान हलवत राहिला, नाही, नाही. मी लक्ष दिलं नाही. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाला, "वही दे. तो सुटलेलो. टप्पो पडल्यावर उचललंय मी." बोलताना तो एरवी माझ्यासारखंच बोलतो, पण पोटातून काही आलं की मालवणी सुरू होते. मी म्हटलं, अरे मॅच संपली, जिंकलो आपण, सगळे घरी जाऊन आंघोळीला लागले. तर म्हणे, "खोड गो." मी खोडलं. ए विंग ती मॅच हरली, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर. दोन आठवडे जिन्यात आमच्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आई-वडिलांसोबत राहायला आली. गोरेगावच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायची, बेसबॉलची धाकटी बहीण म्हणा, आणि त्यात आउटफिल्डला असायची, म्हणजे पार लांब, मैदानाच्या कडेला. बी विंगने तिला पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडे पाठवलं आणि आमच्या माणसाच्या एकछत्री राज्याला सुरुंग लागला. काय ती पोरगी! धावते काय, झेप काय घेते, फरशीवर अंग टाकून घसरत जाते आणि कोपर सोलवटून हसत उठते. तिच्या पहिल्या कॅचला बी विंगच्या गॅलऱ्यांत ताटं वाजली. दुसऱ्याला आमच्याही विंगमध्ये वाजली. मीही चमचा आपटला, खोटं कशाला बोलू.

नवऱ्याला राग यायला हवा होता. तो खुळ्यासारखा तिला चहाला बोलावून बसला. मग दर रविवारी मॅचनंतर दोघं आमच्या डायनिंग टेबलावर कप, बशा आणि मिठाची बाटली मांडून चर्चा करायचे. तिनेच एकदा सांगितलं, "काका, सॉफ्टबॉलमध्ये दोन फिल्डर एकाच चेंडूवर धावले ना, की एकाने ओरडायचं. माझा, नाहीतर तुझा. एकदा हाक गेली की दुसऱ्याने हात मागे घ्यायचे. मग चेंडू डोक्यावर पडला तरी चालेल."

"आणि हात पुढे आले तर?"

"तर दोघांचीही वाट लागते," ती म्हणाली आणि मिठाची बाटली आडवी केली.

यंदा हिवाळ्यात शेजारच्या सोसायटीत नवे सेक्रेटरी आले. गृहस्थ सभ्य, पण नियमांचे भोक्ते. त्यांनी गेटवर मोबाइलचं ॲप बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात हवं. आमचे कॅप्टन त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं, की आवारात आता गाड्या लागतात, रविवारी अकरा वेळा तुमची माणसं बदलणार हे जमायचं नाही. एक माणूस सांगा, एकच. त्याचा कायमचा पास करून देतो. नाव शनिवारपर्यंत द्या.

म्हणजे आता दोन्ही विंगांना मिळून एकच फिल्डर. आमच्या भाषेत कॉमन. सगळी मॅच तोच पलीकडे उभा, बॅटिंग नाही, काही नाही. शहाण्या माणसाने हे काम टाळलं असतं. इथे दोन उमेदवार आणि दोघांचाही जीव त्यात अडकलेला. मुलगी स्पष्टच म्हणाली, "काकू, मला बॅटिंग नको, मला तीच जागा हवीय." आणि नवरा? जो माणूस घरात जेवायला बसला की उठायचं नाव घेत नाही, तो सकाळी हॉलमध्ये उठाबशा काढताना दिसायला लागला.

आठवडाभर जिन्यात, दूध केंद्रावर, लिफ्टच्या रांगेत तोच विषय. पोरगी भारी की काका? ए विंगमधल्या आजोबांचं म्हणणं, टिकणं महत्त्वाचं. माणूस बावीस वर्षं तापात, सर्दीत, लेकीच्या बारशाच्या सकाळीही हजर होता. ही पोरगी आज आहे, उद्या लग्न करून विरारला गेली तर? त्यावर बी विंगच्या एका काकूंनी त्यांना असं फैलावर घेतलं, की आजोबा दोन दिवस खाली आले नाहीत. कोणी म्हणालं, बघायला मजा कोणाची? त्यावर दोन मतं नव्हती. काका कॅच घेतात तेव्हा झाडाखालचा माणूस फळ उचलतोय असं वाटतं. पोरगी घेते तेव्हा पोळी तव्यावर करपते. शेवटी दोन्ही कॅप्टन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वही तुमच्याकडे आहे. तुम्हीच नाव द्या."

मी म्हटलं, अरे बाबांनो, त्यातला एक माझा नवरा आहे. तर म्हणे, म्हणूनच. तुम्ही त्याची बाजू घ्याल असं कोणालाच वाटत नाही. हे कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी मी वही घेऊन बसले. टिकाऊपणात नवऱ्याला तोड नव्हती, पान उलटावं तिथे तोच. लोकांच्या आवडीत मुलगी. राहिला खरा प्रश्न, चेंडू आला तर आऊट होतो का? आणि तिथे वही गप्प बसेना. पाच वर्षांपूर्वी त्याच्या हातून दहातले दोन सुटायचे. गेल्या दोन वर्षांत चार सुटायला लागले होते. कान अजून तसाच होता. त्याला कळत होतं चेंडू कुठे येणार ते, पण गुडघे त्याला तिथवर नेत नव्हते. मी वरून बघत होते आणि मला हे माहीत होतं. मी ते एकत्र मोजलं नव्हतं इतकंच. मुलीच्या हातून दहातला जेमतेम एक सुटत होता. मी तीनदा मोजलं. दुसऱ्याचं काम असतं तर एकदाच मोजलं असतं.

शनिवारी नवरा सकाळीच बाजारात गेला आणि बांगडे घेऊन आला. वर ते स्वतः साफ करायला बसला. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा. लाच कशाला म्हणतात ते दाव्यांच्या विभागात आम्हाला बरोबर कळतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्याचं नाव देणं किती सोपं होतं. कोणी काही बोललं नसतं. पण मला ते खोडलेलं पान आठवत होतं. नुसत्या मायेने त्याचं नाव दिलं, तर हाच माणूस चपला काढायच्या आधी म्हणणार, वही दे, खोड गो.

"मी तिचं नाव दिलंय," मी म्हटलं.

त्याने बांगड्याचा एक कल्ला काढला, मग दुसरा.

"बरां," तो म्हणाला. "किती सुटत होते माझे?"

"दहात चार."

"माका पाच वाटलेले," तो म्हणाला आणि पुढचा बांगडा घेतला.

जेवणात तिखट जास्त झालं होतं, तर त्याने उठून स्वतःच पाण्याचा तांब्या आणला. निकाल बरोबर होता आणि तरी ताटं घासताना मी चक्क रडले. नळ मोठा सोडून.

रविवारी तो नेहमीच्या वेळी उठला, दाढी केली, आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून पेपर घेऊन बसला. खाली स्टंप लावल्याचा आवाज आला. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडचे सेक्रेटरी.

"मॅडम, तुमची खेळाडू आली. पण तुमचे माळी आज आले नाहीत का?"

"कोण माळी?"

"अहो, ते रविवारचे. जरासं टक्कल आहे ते. ॲपमध्ये आमच्या वॉचमनने त्यांना कायमचा पास दिलाय, कामवाले या सदरात. बायका थांबल्यात, जास्वंद कलम करून देणार होते म्हणे. त्यांना त्या एकात धरू नका हं. ते वेगळे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपरच्या मागे होता आणि पेपर हलत होता.

मग उलगडा झाला. भिंतीपलीकडे चेंडू येतो दहा-पंधरा मिनिटांतून एकदा. मधल्या वेळात नुसतं उभं राहून माणूस करणार काय? त्याने तिथल्या कुंडीतली माती उकरली. मग सुकलेल्या फांद्या छाटल्या. मग घरून खुरपं न्यायला लागला. मला वरून तो वाकलेला दिसायचा, मला वाटायचं चेंडू शोधतोय. त्याने तिथे अळू लावलं, कढीपत्ता लावला, मिरचीची रोपं केली. पलीकडच्या बायका त्याच्याच अळूच्या वड्या करत होत्या आणि समजत होत्या, की चेंडूंच्या त्रासाची भरपाई म्हणून आमच्या सोसायटीने एक माळी पाठवलाय. आमच्या घरच्या तुळशीला या माणसाने कधी तांब्याभर पाणी घातलं नाही!

"तुला माहीत होतं ते तुला माळी समजतात?"

"पाच वर्षां झाली."

"मग मला सांगायचं नाही? आठवडाभर मी इथे जीव काढतेय. एक पास माळ्याचा होताच की!"

त्याने पेपर खाली घेतला. "माळी म्हणून गेलो तर फिल्डिंग कशी करणार? माळ्याने कॅच पकडला तर तू देशील?"

"नाही," मी म्हटलं. विचार न करता.

तो मोठ्याने हसला. कालपासून पहिल्यांदा. मग उठला, गॅलरीतल्या कोपऱ्यातून खुरपं घेतलं आणि निघाला.

तर त्या सकाळी भिंतीपलीकडे दोघं होते. गाड्यांजवळच्या कोपऱ्यात मुलगी, गुडघ्यावर हात ठेवून, एकटी कॉमन. जास्वंदीपाशी आमचा माळी, पाठ करून. मॅच रंगली. मुलीने तीन सुंदर कॅच घेतले, एक सोडला. नवऱ्याने एकदाही वळून पाहिलं नाही. बॅटचा आवाज आला की त्याचं खुरपं मात्र क्षणभर थांबायचं.

शेवटची जोडी आमची होती. ए विंगला जिंकायला तीन धावा. चेंडू भिंतीपलीकडे पडला की चार, संपली मॅच. आमच्या बॅट्समनने डोळे मिटून बॅट फिरवली, आणि मी चेंडू वर जाताना पाहिला. बी विंगच्या गॅलऱ्यांत एकच कल्ला झाला, कोणाचं काही कळेना. आमच्या विंगच्या गॅलऱ्या मुद्दाम गप्प. मुलगी गाड्यांपाशी गोंधळून वर बघत होती, भलत्याच दिशेला.

चेंडू थेट माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर येत होता.

त्याला कळलं होतं. मी पाहिलं, तो उठला, वळला, मान वर झाली आणि दोन्ही हात वर आले, अगदी नेहमीसारखे. त्याने काहीच केलं नसतं, तर टप्पा पडला असता आणि आमची विंग जिंकली असती. त्याने हात खाली घेतले. पाठीमागे नेले, खुरप्यासकट. आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल असा ओरडला, "गो पोरी! तुझो! हय ये, तुझो आसा!"

ती त्या आवाजावर धावली. चेंडू न बघता, नुसत्या आवाजावर. शेवटच्या क्षणी तिने झेप टाकली, ती थेट त्याच्या मिरचीच्या वाफ्यात, ओल्या मातीत हनुवटीपर्यंत. आणि चेंडू तिच्या हातात, जमिनीपासून चार बोटं वर. मी सगळं पाहिलं. गॅसवर काहीही नव्हतं.

मी बोट वर केलं. ताटं वाजली, पातेली वाजली, पलीकडच्या सोसायटीतल्या बायकाही टाळ्या वाजवू लागल्या, त्यांच्या माळ्यासाठी. माळी तेवढ्यात मुलीला हात देऊन उठवत ओरडत होता, "अगे, माझी रोपां! एकय ठेवलंस नाय!" आणि ती मातीने माखलेली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

मॅच संपल्यावर आमच्या विंगचे लोक भिंतीवरून डोकावून त्याला बोलले. काका, आपल्याच विंगला हरवलंत? तो खुरपं पुसत म्हणाला, "माका माळी म्हणान पाठवलास ना? माळ्याक कसली विंग!" मग त्याने हनुवटी वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या रविवारच्या पानावर मी कॅच मुलीच्या नावावर लिहिला. राहिली त्याची आरोळी. अशी नोंद आमच्या वहीत कधी झालेली नव्हती. शेवटी पुढे एक नवा रकाना आखला, वर लिहिलं 'हाक', आणि त्याखाली त्याचं नाव.

तो घरी आला, मातीचे पाय धुतले आणि नेहमीप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून आधी वही मागितली. पान उघडलं. बराच वेळ वाचत राहिला. मी पेन हातात घेऊन शेजारी उभी होते.

त्याने वही मिटून मला परत दिली. खोड म्हणाला नाही.